मदत हवी आहे : घरच्या सुतारकामासाठी मायटर सॉ कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. चोपड्यात घरामागच्या पडवीत मी हौसेने सुतारकाम करतो. लाकूड बहुतेक जुन्या धाब्याच्या घरांतून निघालेले सागवान असते. त्यातून फोटोच्या चौकटी, स्टूल आणि लहान कपाटे बनवतो. चौकटीचे ४५ अंशांचे सांधे हातकरवतीने नीट जुळत नाहीत, म्हणून मायटर सॉ, म्हणजे ठरावीक कोनात लाकूड कापणारे विजेचे यंत्र, घ्यायचे आहे.

१० इंची पात्याचे साधे यंत्र काटकोनात जेमतेम साडेपाच इंच रुंदीची फळी कापते; पाते दांड्यांवर पुढे-मागे सरकते असे सरकते यंत्र बारा इंचांपर्यंत जाते, परंतु त्याच्या दांड्यांना मागे जागा लागते आणि माझी पडवी अरुंद आहे. शिवाय सरकत्या यंत्राच्या दांड्यांत कालांतराने सैलपणा येऊन कोन बिघडतो काय, हे वापरणाऱ्यांनीच सांगावे.

जुन्या कड्यांत (छताच्या लाकडांत) खिळ्यांची मोडकी टोके दडलेली असतात, त्यामुळे ६० दाती कार्बाइड (अतिशय कठीण दातांचे) पाते घ्यावे की खडबडीत कामासाठी ४० दाती वेगळे ठेवावे? उन्हाळ्यात संध्याकाळी विजेचा दाब उतरतो, तेव्हा १८०० वॅटची मोटर कितपत चालेल?

दुकानदाराने लोखंड कापायचे कट-ऑफ मशीन स्वस्तात सुचवले, ते मात्र लाकडासाठी मी घेणार नाही.