ज्येष्ठ नागरिक संघांनी नागरी प्रश्नांत उतरावे का?

निवृत्त अभियंता
आमच्या संघात वाढदिवस, सहली, व्याख्याने सारे उत्साहाने होते आणि त्याबद्दल मला आदरच आहे. मात्र संघासमोरचा रस्ता ओलांडताना गेल्या वर्षी आमच्या दोघी सभासद पडल्या, तेव्हा मी घड्याळ लावून पाहिले. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा 15 सेकंद राहतो आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस काठी टेकत तेवढ्या वेळात जेमतेम दुभाजकापर्यंत पोहोचतो. पुणे महापालिका 2006-07 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली कामे मागवत आली आहे. प्रभाग समितीवर अशासकीय संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. दारे आहेत, पण आपण ती ठोठावत नाही. संघाने आपल्या नावाने, ठरावानिशी ही कामे मागितली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

एका संघाची कार्यवाह
काका, रस्त्याचा मुद्दा शंभर टक्के पटतो, तरीही आपल्याशी मी सहमत नाही. आमचे सभागृह एका लोकप्रतिनिधीच्या मदतीने मिळाले आहे आणि सभासद सगळ्या पक्षांचे आहेत. पत्नी गेल्यानंतर चार महिने कोणाशी न बोललेले एक आजोबा आमच्याकडे कॅरमच्या निमित्ताने येऊ लागले. आता ते रोज पावणेपाचलाच येऊन पावडर टाकून बोर्ड पुसून ठेवतात. निवेदने, मोर्चे आणि त्यामागून येणारे पक्षाचे वाद सुरू झाले, तर सर्वांत आधी असा माणूस घरी बसेल. एकटेपणावर उपाय करणे हेही कामच आहे, आणि ते दुसरे कोणी करत नाही.

अर्ज भरून देणारी कार्यकर्ती
मला दोघांच्याही बोलण्यात एक माणूस दिसत नाही, तो म्हणजे संघाची वर्गणी भरू न शकणारा. रेल्वेची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, त्याविरुद्ध ज्येष्ठांनी आवाज उठवला आणि ती मागणी रास्तच आहे. पण दारिद्र्यरेषेखालच्या, साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला केंद्राच्या निवृत्तिवेतनातून महिन्याला 200 रुपये मिळतात, त्यावर इतक्या जोराने कोण बोलले? राज्याच्या श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. मंडईत लसूण सोलून पोट भरणाऱ्या एका आजींच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात, म्हणून एका कार्यालयातून त्यांना तीनदा परत पाठवले. त्यांना रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ नको आहे असे नाही, पण त्याआधी सोबत येणारे कोणीतरी हवे आहे.

निवृत्त अभियंता
ताई, हे माझ्या मांडणीत राहून गेले होते, आणि राहायला नको होते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठीच्या 2007 च्या कायद्यात, अर्जदार स्वतः अर्ज करू शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थाही न्यायाधिकरणापुढे अर्ज करू शकते. म्हणजे पोटच्या मुलांनी वाऱ्यावर सोडलेल्या वृद्धाच्या बाजूने उभे राहण्याची जागा कायद्यानेच आपल्याला दिली आहे. कार्यवाहबाईंची पक्षांची भीती खरी आहे, परंतु मार्च 2022 नंतर मुंबई-पुण्यात नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. तेव्हाही आपण गप्पच राहिलो, मग अडचण निव्वळ पक्षांची होती असे कसे म्हणायचे?

एका संघाची कार्यवाह
संघाचे नाव आणि शिक्का निवेदनावर वापरण्यास माझा विरोध कायम आहे. सिग्नलच्या पत्रावर मी नागरिक म्हणून सही करीन. अर्जांचे मात्र वेगळे आहे. मंगळवारी दुपारी तीन ते पाच आमचे सभागृह रिकामे असते आणि बँकेतून निवृत्त झालेले आमचे दोन सभासद कागदपत्रांत तरबेज आहेत. ताई, त्या आजींना घेऊन या.