भाच्याला आळंदीला ठेवायचं चाललंय, तिथे शिकलेल्या किंवा मुलं ठेवलेल्यांनी प्लीज सांगा

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय, पण वाचा. भाचा जूनमध्ये सहावीत जाईल, गाव बीड जिल्ह्यातलं, आणि दाजींनी ठरवून टाकलंय की याला कीर्तन शिकायला आळंदीला ठेवायचं. पोरगं पखवाज झकास वाजवतं, हरिपाठ तोंडपाठ, त्यात शेतीचं हे असं, म्हणजे महाराज झाला तर नाव पण आणि पोट पण, असा दाजींचा हिशोब. (धाकटी भाची त्याच्यापेक्षा चांगला हरिपाठ म्हणते, तिला कुठे पाठवायचं हा विषय घरात निघतच नाही.) ताई म्हणते तू बोल त्यांच्याशी, आता काय बोलू?

मी नास्तिक वगैरे नाही हो, घरात माळ आहे. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथला चार वर्षांचा कोर्स, तिथून किती कीर्तनकार तयार झाले, सगळं ऐकून आहे. पण दाजींनी बघितलंय ते तिथलं नाही, ओळखीच्या एका महाराजांनी भाड्याच्या घरात पोरं ठेवलीत तिथलं. अशा विनापरवाना ठिकाणांच्या बातम्या वाचल्या की पोटात गोळा येतो.

पण मला जास्त काळजी वेगळीच आहे. मागच्या सप्त्यात याने कीर्तनकारांना सरळ विचारलं, रेड्याने वेद म्हटले तर त्याला शिकवले कोणी? मंडप हसला, महाराजही हसले आणि म्हणाले, बाळा, रेड्याला जमतं ते माणसाला का शिकवत नाही, हेच तर माऊलींना पैठणकरांना विचारायचं होतं. काय सुंदर उत्तर! आणि घरी आल्यावर दाजींनी पोराचा कान पिरगळला, महाराजांना उलट विचारायचं नसतं म्हणून. आता तिथे याला पहिले महाराज भेटणार की दुसरे दाजी, एवढाच माझा प्रश्न आहे. शास्त्र शिकताना पूर्वपक्ष-उत्तरपक्ष असतो, आधी शंका काढायची मग सिद्धांत, पण ते पुढचं झालं, लहान पोरांच्या वाट्याला नुसतं पाठांतर आणि महाराजांची कामंच येतात का? गाडगेबाबा तर अख्खं कीर्तन लोकांना प्रश्न विचारत करायचे, आणि आता काही जण बायकांवर टोमणे मारून टाळ्या घेतात, गाव तेच खरं मानतं, म्हणून वाटतं की कीर्तनकार कसा घडतो हा फक्त आमच्या घरचा मामला नाही.

दाजी म्हणतात शाळेत तरी गाईडच घोकतात ना, मग ज्ञानेश्वरी पाठ केली तर काय बिघडलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही, खरंच.

तर विचारायचं हे की तिथली पोरं रोज शाळेत जातात की नुसतं नाव घालतात आणि दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरतात? कारण ६ ते १४ वर्षं शिक्षण सक्तीचं असलं तरी २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था शिक्षण हक्क कायद्यातून वगळल्यात, मग तक्रार करायची तर कुठे? संस्था बघायला गेल्यावर नोंदणी सोडून अजून काय तपासायचं, रात्री पोरांजवळ कोण असतं वगैरे? आणि गावातच शाळा सुरू ठेवून पखवाज-गायन शिकवलेलं कुणाचं उदाहरण असेल तर ते आधी सांगा, दाजींना तेवढं एक पटू शकतं.