मदत हवी आहे: बायपासनंतर छातीची जखम चिघळली, व्हॅक लावून घरी न्यावं का? (नाशिक)

निफाडचा_मुलगा
वडील ६४, मधुमेह आहे. नाशिकला बायपास झाली. तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या खालच्या टोकातून पू यायला लागला आणि खोकला की छातीत कट्‌ असं वाजायचं. सीटीत छातीच्या मधल्या हाडामागे पाणी दिसलं. जखम उघडून साफ केली, हाड बांधलेल्या तारा काढल्या आणि व्हॅक (जखमेत फोम बसवून नळीने पाणी डब्यात ओढणारं मशीन) लावलं. कल्चरमध्ये एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिकना न जुमानणारा जंतू) आला, त्यावर व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू आहे. रोजचा खर्च झेपत नाही, म्हणून मशीन भाड्याने घेऊन गावी न्यायचा विचार आहे. गावात लोडशेडिंग असतं. ड्रेसिंग करायला सिस्टर मिळतील. काय काय सांभाळावं?

गोदातीर
तारा काढल्यात म्हणजे हाडाचे दोन्ही भाग सुटे आहेत. या अवस्थेत घरी नेऊ नका, सिस्टर कितीही हुशार असल्या तरी.

हृदयाचा उजवा कप्पा या हाडाच्या लगेच मागे असतो आणि त्याची भिंत पातळ असते. संसर्गाच्या सुजेमुळे तो हाडाच्या मागच्या बाजूला चिकटतो. पेशंट खोकला की हाडं हलतात, त्यात व्हॅकची ओढ असतेच, आणि हाडाची धारदार कड त्या भिंतीत घुसू शकते. बायपासची नसही अशीच फाटू शकते. मग हातात मिनिटंच उरतात, थिएटर शेजारी लागतं. उघड्या अवयवांवर आणि रक्तवाहिन्यांवर व्हॅक लावण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००९ आणि २०११ मध्ये इशारे दिले ते रक्तस्रावामुळेच.

सर्जनना तीन गोष्टी विचारा. हृदय हाडापासून मोकळं केलंय का? फोमखाली पॅराफिनच्या जाळीचे थर दोन्ही बाजूंना हाडाच्या कडांखालपर्यंत सरकवलेत का? प्रेशर किती ठेवलंय? नेहमीचं १२५ असतं, हृदय उघडं असेल तर बरेच सर्जन ते कमी ठेवतात.

डब्यात पिवळसर किंवा फिकट गुलाबी पाणी आलं तर घाबरू नका. नळीतून लालभडक रक्त धावायला लागलं तर मशीन लगेच बंद करायचं, फोम उपसायचा नाही आणि सिस्टरना ओरडून बोलवायचं. अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल (तेही रक्त पातळ करणारं) चालू असेल तर जास्तच लक्ष ठेवा.

निफाडचा_मुलगा
आत्ताच विचारून आलो. हृदय दिसतंय, जाळी टाकलीय. जखम स्वच्छ झाली की फ्लॅप (जवळचा स्नायू वगैरे सरकवून खड्डा भरणं) करू म्हणाले. म्हणजे घरी न्यायचा विषय संपला. फ्लॅपमध्ये काय बिघडू शकतं?

टाका_आणि_धागा
बायपासला डाव्या छातीची धमनी (लिमा) वापरलीय का, ते डिस्चार्ज कार्डावर बघा. बहुधा वापरलेली असते. मग त्या बाजूचा छातीचा स्नायू उलटा दुमडून भरता येत नाही, कारण त्या रचनेत त्याला रक्त याच धमनीच्या फांद्यांतून मिळतं. खांद्याकडच्या रक्तवाहिनीवर ठेवून तोच स्नायू मधे सरकवता येतो. पोटाचा सरळ स्नायूसुद्धा त्याच धमनीच्या पुढच्या भागावर जगतो, म्हणून उजवीकडचा घेतात. खालचं टोक भरायला पोटातली चरबीची झालर, म्हणजे ओमेंटम, उत्तम. पण त्यासाठी पोट उघडावं लागतं आणि पुढे हर्निया होऊ शकतो.

फ्लॅपनंतर त्रास देतं ते साठलेलं पाणी आणि रक्ताची गाठ. ड्रेन (ते बाहेर काढणारी नळी) लवकर काढायची घाई करू नका. साधारणपणे २४ तासांत ३० मिलीच्या खाली आल्यावर काढतात. हातावर जोर देऊन उठणं बंद; खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, पट्टा बांधायचा.

वॉर्ड_सिस्टर
ड्रेसिंग ४८ ते ७२ तासांनी बदलतं. आत फोमचे किती तुकडे घातले ते वरच्या फिल्मवर लिहिलेलं असावं आणि काढताना तेवढेच मोजावे. एक तुकडा आत राहिला तर जखम पुन्हा पिकते. मशीन दिवसात २ तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर फोम आत ठेवत नाहीत, काढून साधं ड्रेसिंग करतात. बंद फोमखाली जंतू वाढतात. लोडशेडिंगच्या गावात हे कसं निभणार?

व्हँकोमायसिन किडनीवर येतं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि औषधाची रक्तातली पातळी नियमित तपासतात ना, बघा. १ ग्रॅमचा डोस निदान तासभर सावकाश जायला हवा, नाहीतर अंग लाल होऊन खाज सुटते. साखर १८०च्या खाली हवी. वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, पण किडनी आधीच अशक्त असेल तर डॉक्टरांना विचारूनच. तंबाखू, मिश्री पूर्ण बंद.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे फ्लॅपची चौकशी ऑपरेशनच्या आधीच करा. मंजुरी आधी घ्यावी लागते.

गोदातीर
आणखी एक. काही महिन्यांनी वणावर बारीक फोड येऊन तीच तीच फुटत राहिली, तर गावातून अँटिबायोटिक गोळ्या आणून देऊ नका. आत हाडाचा मेलेला तुकडा किंवा उरलेली तार असू शकते. हाडाचा नमुना साध्या कल्चरसोबत टीबी आणि तसल्याच इतर मायकोबॅक्टेरियासाठीही पाठवायला सांगा. साध्या कल्चरमध्ये ते दिसत नाहीत.