पवन मावळात एमटीबी: डांबर सोडून दोन दिवसांचा रूट हवाय

रानवाट_चिंचवड
नमस्कार मंडळी. मी आणि माझा धाकटा भाऊ (वय 16), दोघांकडे साध्या हार्डटेल एमटीबी आहेत, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या माउंटन बाईक, पुढे 100 मिमीचा फोर्क (धक्के झेलणारा दांडा), 29 इंची चाकं. पवनानगरपर्यंतचा डांबरी रस्ता चार वेळा झालाय, पण रविवारी तिथे एवढ्या गाड्या असतात की निम्मा वेळ आपण रस्त्याच्या कडेला पाय टेकून उभे. म्हणून आता मातीत जायचंय. बैलगाडीच्या वाटा, ओढे, माळ, नदीकाठ असं काहीतरी, दोन दिवसांचं, रोज 35-40 किमी, आणि मुक्काम गावात कुणाकडे झाला तर फारच छान. तंबू नकोय.

सप्टेंबरमध्ये एकदा बेडसे लेण्यांच्या बाजूला एका पाणंदीत शिरलो होतो, अर्ध्या किलोमीटरमध्ये चाक आणि फोर्कच्या मधे चिखल असा बसला की चाक फिरेना, काडीने उकरत उकरत सायकली खांद्यावर घेऊन बाहेर आलो. भावाचा उत्साह तरीही कायम आहे, त्यामुळे मला हे नीट जमवायचंच आहे. कधी जावं, कुठून जावं, टायरमध्ये हवा किती ठेवावी, सगळं सांगा.

चाकोरी
ताई, आधी महिना. दिवाळीच्या आधी नकोच. मावळातलं भात दिवाळीच्या आगेमागे कापतात, मग झोडणी, तोवर खाचरांमधून जाणाऱ्या वाटा ओल्या असतात आणि त्याच वाटांवरून भारे वाहणं चालू असतं, आपण मधे कडमडायचं नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीपर्यंत बेस्ट. आणि एक लक्षात ठेवा, लोणावळ्याला वर्षाला 4000 मिमीच्या वर पाऊस पडतो पण तिथून वडगाव-तळेगावकडे पंचवीस-तीस किलोमीटर आलं की तो झपकन कमी होतो, म्हणजे खोऱ्याचा पूर्वेकडचा भाग आधी वाळतो आणि घाटमाथ्याकडचा सगळ्यात शेवटी. सीझनच्या सुरुवातीला पूर्वेकडे फिरा, जानेवारीत पश्चिमेला सरका.

रूट म्हणाल तर अख्खा कच्चा रूट आता पवन मावळात उरलेला नाही हे स्पष्ट सांगतो, जिथे पंधरा वर्षांपूर्वी मी मातीतून गेलोय तिथे आज काँक्रीट आहे. पण जोडून जोडून छान होतं.

पहिला दिवस: लोकलने किंवा सायकलने मळवलीला पोचा, तिथून भाजे. भाजे गावातून गायमुख खिंडीत चढायचं, ही लोहगड आणि विसापूर यांच्या मधली खिंड. चढ खडा आहे, आता गाड्या जातात, पण सकाळी सातला गेलात तर तुम्ही आणि कोतवाल पक्षी एवढेच. खोरं साधारण 600 मीटरवर आणि लोहगडाचा माथा 1033, त्यामुळे खिंडीपर्यंत दम निघतोच, उतरून ढकलायची लाज बाळगू नका, मी प्रत्येक वेळी ढकलतो. लोहगडवाडीत चहा, मग दुधिवरे खिंडीच्या बाजूने पवनेकडे उतार. धरणाच्या रस्त्याला लागलात की पवनानगरकडे जाताना डाव्या हाताच्या शिवारात जिथे गाडीवाट दिसेल तिथे आत शिरायचं, बहुतेक वाटा पुढच्या वाडीत निघतात. मुक्काम तिकोना पेठेत, तिथे घरगुती सोय होते.

दुसरा दिवस मला जास्त आवडतो. तिकोना पेठेतून जवण, मोरवे करत जलाशयाच्या दक्षिणेकडून तुंगीला. तिकोना सतत मागे आणि तुंगचा सुळका समोर, आणि उजव्या हाताला पाणी. फेब्रुवारीत पाणी खाली उतरलं की काठाची मोकळी जमीन दिसते, त्यावर चाकाखाली बारीक मुरूम कुरकुरतो, त्या आवाजासाठी मी दरवर्षी जातो. तुंगीहून घुसळखांब फाटा आणि मग लोणावळा, लोकल पकडून घरी.

एवढं जमलं की पुढच्या वेळी राजमाची ठेवा. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडी, एका बाजूने पंधरा-सोळा किलोमीटर, दगडगोट्यांची वाट, ओढे, जंगल आणि शेवटी उल्हास नदीच्या दरीच्या कडेवर श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोडकिल्ले. पण ते हात आणि ब्रेक तयार झाल्यावरच.

भातखाचर
माझं गाव नाणे मावळात, कामशेतच्या आत. वरच्या दादांनी रूट छान सांगितलाय, मी गावाच्या बाजूने थोडं सांगतो कारण सायकलवाले हल्ली आमच्याकडेही बरेच येतात आणि चांगलं वाटतं, पण काही गोष्टी माहीत नसतात.

खाचराच्या बांधावरून सायकल घालू नका. वरून तो कोरडा टणक दिसतो पण आतून उंदीर-खेकड्यांनी पोखरलेला असतो, चाकाच्या वजनाने एका जागी खचला की पुढच्या पावसात तिथूनच पाणी फुटतं आणि खालच्या खाचरात दगडमाती येते. मागच्या वर्षी आमचा एक बांध असाच गेला, मी आणि वडिलांनी दोन दिवस दगड रचले. आणि भात निघालं म्हणजे शेत रिकामं असं नसतं, त्याच ओलीवर हरभरा, मसूर, वाल पेरलेला असतो, कोंब दोन बोटं असतात तेव्हा लांबून काळी जमीनच दिसते.

दुसरं म्हणजे कुत्री. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन शिवारात बसायला येतात. त्यांची कुत्री सायकलला सोडत नाहीत, पळणारं चाक दिसलं की मागे लागतात. जोरात पळवायचा मोह होतो तो टाळा. उतरा, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मधे धरा, हळू चाला आणि "ओ मामा" करून हाक मारा. वाड्यातून कुणीतरी कुत्र्याला नावाने हाक मारतं आणि लगेच मिटतं.

आणि वाट विचारा. मोबाईलवरच्या नकाशात जी वाट दिसते ती दहा वर्षं जुनी असू शकते. इथे पाणंदी आणि शिवरस्ते बुजत चाललेत, कुणी प्लॉट पाडतं, तारेचं कुंपण घालतं आणि आजोबांच्या काळापासूनची वाट मधेच बंद. आमच्या बैलगाडीलासुद्धा आता एका ठिकाणी दीड किलोमीटरचा वळसा पडतो. कुणाला खोलात जायचं असेल तर गावनकाशा बघा, ऑनलाईन मिळतो, त्यात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. नकाशात असलेली वाट कुणाला आपल्या मर्जीने बंद करता येत नाही. तुमच्यासारखे लोक त्या वाटांवरून फिरत राहिले तर त्या वापरात राहतील असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं टाईप केलं.

जेवणाचं सांगायचं तर कुठेही इंद्रायणी भात मागा, हे वाण आमच्या वडगावच्याच भात संशोधन केंद्रातलं. आदल्या दिवशी फोन करून सांगा म्हणजे घरच्या बायकांची ऐनवेळी धावपळ होत नाही.

कार्डिफची_माई
भातखाचर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी मूळची सांगवीची, आता वेल्समध्ये. इथे टॅफ नदीच्या खोऱ्यातून कार्डिफ ते ब्रेकन 55 मैलांचा टॅफ ट्रेल आहे, मुलांना घेऊन तुकड्या-तुकड्यांनी पूर्ण केला. इथे ब्रायडलवे नावाच्या घोड्यांच्या जुन्या वाटा आहेत, शेतातून मेंढरांमधून जातात, आणि 1968 च्या कायद्याने त्यांवर सायकलला परवानगी मिळाली, अट एवढीच की चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. शेताचं फाटक जसं होतं तसं लावून जायचं हे इथे पोरांना चालायला लागल्यापासून शिकवतात. पाणंदी नकाशावर असूनही बुजतात हे वाचून फार वाईट वाटलं.

चाकोरी
हवेचं राहिलं होतं. ट्यूब असेल तर मध्यम वजनाला 28-30 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक, पंपावर लिहिलेलं असतं), त्याच्या खाली गेलात तर दगडावर ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात. ट्यूबलेस असेल तर 22-25 आणि सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) ताजं भरा, बाभळीच्या काट्यांना तोच उपाय. कुसळं मोज्यात शिरतात, उंच मोजे घाला. उतारावर सीट दोन-तीन बोटं खाली, वजन मागे, आणि ब्रेक एकसारखा दाबून न ठेवता दाबा-सोडा. स्पेअर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो छोटा तुकडा) घ्याच, तुमच्या मॉडेलचाच, दुसरा बसत नाही.

रानवाट_चिंचवड
जाऊन आलो! डिसेंबरचा दुसरा शनिवार-रविवार. सगळ्यांचे खूप खूप आभार, विशेषतः हँगरबद्दल, कारण दुधिवऱ्याच्या उतारावर भावाची सायकल दगडावर आडवी झाली, डिरेलर आत वळला आणि चेन स्पोकमध्ये. भाऊ ठीक, कोपर खरचटलं फक्त. तिथेच रस्त्याकडेला बसून हँगर बदलला, दोघांनी मिळून पाऊण तास, आयुष्यात पहिल्यांदा, आणि पहिला गिअर सोडून सगळे पडायला लागले.

पवनानगरच्या अलीकडे एक मस्त गाडीवाट धरली होती, दोन चाकोऱ्या आणि मधे गवताची पट्टी, एक किलोमीटरवर समोर नवंकोरं तारेचं कुंपण. वाट कुंपणाच्या पलीकडे तशीच पुढे गेलेली दिसत होती, चाकोऱ्यांसकट. भातखाचर, तुमचं म्हणणं तेव्हा पटलं. गुरं घेऊन आलेल्या एका आजींनी ओढ्यातून बाजूची वाट दाखवली, सायकली उचलून दगडांवरून पलीकडे नेल्या, आजींनी पंपसुद्धा हातात धरून आणला.

मोरव्याच्या पुढे कुत्री आलीच, तीन. भावाने पेडल मारायला पाय उचललाच होता, मी ओरडले उतर म्हणून. सायकली मधे धरून उभे राहिलो आणि हाक मारली, तर एक बाई पालामागून "ए वाघ्या, माघारी" म्हणाल्या आणि तिघंही शेपूट हलवत परत. आम्हाला पाणी प्यायला बोलावलं, त्यांची छोटी मुलगी सायकलची घंटी पंधरा मिनिटं वाजवत होती, शेवटी भावाने घंटी काढून तिलाच दिली.

आता जानेवारीत नाणे मावळ करायचाय, कामशेतवरून गोवित्री, जांभिवलीच्या कोंडेश्वरापर्यंत. भातखाचर दादा, तो आडवा आलेला दीड किलोमीटरचा वळसा नेमका कुठे आहे ते सांगाल का? गावनकाशा डाऊनलोड केलाय, त्यात दुहेरी रेषा मला चार ठिकाणी दिसतायत, चारही बघून येऊ.