फिजिशियन असिस्टंट : तेरा आठवड्यांचे लोकम काम घ्यावे का?

एडिसनकर

नमस्कार. मी न्यू जर्सीत गेली सहा वर्षे एका रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात फिजिशियन असिस्टंट (पीए, म्हणजे डॉक्टर नसूनही रुग्ण तपासणारा आणि उपचार करणारा परवानाधारक व्यावसायिक) म्हणून नोकरी करते. साताऱ्याला आई-बाबा दोघेच असतात. बाबांना पार्किन्सन्स झाल्यापासून वर्षातून दोन-अडीच महिने सलग त्यांच्याजवळ राहता यावे अशी फार इच्छा आहे, पण कायमच्या नोकरीत एवढी रजा मिळत नाही. म्हणून वर्षातले काही महिने लोकम काम, म्हणजे रुग्णालयातील रिकामी जागा ठरावीक मुदतीपुरती भरण्याचे काम, करायचे आणि मधला काळ मोकळा ठेवायचा, असा विचार चालला आहे.

एका एजन्सीने उत्तर डकोटातील २५ खाटांच्या रुग्णालयात जानेवारीपासून १३ आठवड्यांचे काम देऊ केले आहे. आठवड्याला बारा तासांच्या तीन पाळ्या, ताशी ९२ डॉलर, राहण्याचा व विमानाचा खर्च एजन्सीकडे, आणि मोबदला १०९९ वर, म्हणजे पगारी नोकर म्हणून नव्हे तर स्वतंत्र कंत्राटदार म्हणून. सध्या मला ताशी ६८ डॉलर आणि आरोग्यविमा मिळतो. वरवर पाहता फरक मोठा दिसतो. परंतु सगळा हिशेब मांडल्यावर तो तेवढाच उरतो का, आणि सही करण्यापूर्वी करारात नेमके काय तपासावे, हे ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नाही.

मैलोगणती

ताई, मी पाच वर्षे हेच काम करतो आहे, त्यांतले तीन हिवाळे डकोटा आणि मोंटाना भागात काढले. आधी दराबद्दल. अमेरिकी श्रम खात्याच्या मे २०२४ च्या आकडेवारीत आपल्या पेशाचे मध्यवर्ती वार्षिक वेतन १,३३,२६० डॉलर आहे. वर्षाच्या २,०८० तासांनी भागले की ताशी ६४ डॉलरच्या आसपास येते. त्या मानाने ९२ चांगलाच आहे. मात्र माझा अनुभव असा, की लोकम कामात पैसा बुडतो तो दरामुळे नव्हे, तर न भरलेल्या तासांमुळे.

माझ्या पहिल्याच कामाची गोष्ट सांगतो. तेरा आठवडे ठरले होते आणि घर मी स्वतःच्या नावाने तीन महिन्यांसाठी भाड्याने घेतले होते. सहाव्या आठवड्यात रुग्णालयाला कायमचा माणूस मिळाला आणि मला दोन आठवड्यांची सूचना आली. करारात तेवढीच मुदत लिहिलेली होती आणि मी ती न वाचता सही केली होती. उरलेले भाडे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून मी दोन गोष्टी लेखी मागतो : आठवड्याला किमान ३६ तासांची हमी, म्हणजे रुग्ण कमी आहेत म्हणून घरी पाठवले तरी पैसे मिळतील, आणि रद्द करण्याची सूचना किमान ३० दिवसांची, नाहीतर तेवढ्या दिवसांची भरपाई. एजन्सी आधी नाही म्हणते, मग रुग्णालयाला विचारते, आणि बहुतेक वेळा मान्य होते, कारण जानेवारीत तिकडे जायला माणसे मिळत नाहीत.

दुसरे म्हणजे व्यावसायिक दायित्वाचा विमा. ‘विमा आम्ही देतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. पॉलिसी घटनेच्या तारखेवर आधारलेली आहे की दाव्याच्या तारखेवर, हे विचारा. दाव्याच्या तारखेवर असेल तर काम संपल्यानंतर आलेल्या खटल्यांसाठी ‘टेल’ संरक्षण कोण देणार हे करारात स्पष्ट हवे, कारण रुग्णाचा दावा तुम्ही तिथून निघाल्यावर वर्षा-दोन वर्षांनीही येऊ शकतो. विम्याचे प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पहिली पाळी करू नका.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते : रात्री तुमच्या मागे कोण आहे? उत्तर डकोटाने २०१९ च्या कायद्यानंतर परवानाधारक रुग्णालयांत काम करणाऱ्या पीएंसाठी ठरावीक डॉक्टरशी लेखी करार करण्याची अट काढली. हे आपल्या पेशासाठी चांगलेच झाले, परंतु त्यामुळे लहान रुग्णालयात रात्री इमर्जन्सीत तुम्ही एकट्याच असण्याची शक्यता आहे. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात पहाटे दोनच्या सुमारास छातीत कळा येत असलेला एक शेतकरी आला. ईसीजी पाहताच निदान स्पष्ट झाले, पण बर्फाच्या वादळामुळे हेलिकॉप्टर उडणार नव्हते. भिंतीवरचे बटण दाबले की दुसऱ्या शहरातील इमर्जन्सी डॉक्टर पडद्यावर येतात, अशी तिथे सोय होती. ते दिसले आणि माझा जीव भांड्यात पडला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे ठरले, तर औषधांचे कुलूपबंद यंत्र माझे बोट ओळखेना, कारण दिवसभराच्या ओळख-सत्रात माझ्या ठशाची नोंद करायचीच राहून गेली होती. रात्रीच्या नर्सने तिच्या बोटाने ते उघडले आणि औषध वेळेत गेले. तेव्हापासून पाळी सुरू होण्याआधी मी ते यंत्र स्वतः उघडून पाहतो, आणि मुलाखतीतच विचारतो : पडद्यावरचा डॉक्टर चोवीस तास आहे का, रक्त किती पिशव्या असते, आणि वादळात रुग्ण कोणत्या रस्त्याने हलवतात? ज्या रुग्णालयाला याची उत्तरे चटकन देता येत नाहीत, तिथे दर कितीही असो, मी जात नाही.

आणखी एक. माझी परवानगी घेतल्याशिवाय माझी माहिती कोणत्याही रुग्णालयाला पाठवू नये, असे एजन्सीला ईमेलने कळवा. दोन एजन्सींनी एकाच ठिकाणी तुमचे नाव दिले तर त्यांच्या भांडणात तुमचेच काम जाते.

हिशेबनीस

मी शिकागोत सीपीए, म्हणजे सनदी लेखापाल आहे. माझ्या ग्राहकांत लोकम काम करणारे डॉक्टर आणि पीए बरेच आहेत. १०९९ म्हणजे करापुरत्या तुम्ही स्वतःच्या मालक झालात. नोकरीत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या करांचा अर्धा भार मालक उचलतो, इथे दोन्ही वाटे मिळून १५.३ टक्के तुमचे. त्यातला अर्धा हिस्सा आयकर काढताना उत्पन्नातून वजा होतो. तुमच्या तेरा आठवड्यांचे ढोबळ उत्पन्न ४३,०५६ डॉलर होईल. त्यातून हा कर, आरोग्यविम्याचा हप्ता आणि साताऱ्यातल्या बिनपगारी महिन्यांचा वाटा बाजूला ठेवला, की ९२ आणि ६८ यांतील अंतर बरेच आक्रसते. तरी मिटत नाही. तिमाही अंदाजित कर १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारीला भरायचा असतो. दर आठवड्याचा चेक आला की तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायची सवय लावा.

आता ‘टॅक्स होम’बद्दल, म्हणजे करासाठी धरल्या जाणाऱ्या मूळ ठिकाणाबद्दल, जिथे बरेच जण अडकतात. प्रवासाचा आणि बाहेर राहण्याचा खर्च करमुक्त धरण्यासाठी तुमचे मूळ ठिकाण खरोखर असले पाहिजे, आणि एका जागचे काम वर्षाहून अधिक चालण्याची अपेक्षा नसावी. न्यू जर्सीचे घर तसेच चालू ठेवा, आणि जमल्यास सध्याच्याच रुग्णालयात पाळीगणिक तत्त्वावर अधूनमधून काम करत राहा. त्यामुळे मूळ ठिकाणाचा दावा भक्कम होतो आणि परतीची वाटही मोकळी राहते. एजन्सीने घर थेट भाड्याने घेऊन दिले तर तुमचे काम सोपे. रोख भत्ता दिला तर प्रत्येक पावती जपून ठेवा.

डॅलसवासी

मीही पीए आहे, पण एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. मला असे काम घेता येईल का?

हिशेबनीस

१०९९ वर नाही. एच-१बी हा मालकाशी आणि कामाच्या ठिकाणाशी बांधलेला असतो. जोडीदारामुळे मिळालेल्या एच-४ व्हिसावर ईएडी (काम करण्याचे परवानापत्र) असेल तर ती परवानगी कोणा एका मालकापुरती नसते. कोणतेही पाऊल उचलण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

फाईलवाली

मी एका रुग्णालयात क्रेडेन्शियलिंगचे, म्हणजे नव्या डॉक्टर-पीएंची कागदपत्रे तपासून मंजुरी देण्याचे काम करते, म्हणून दुसऱ्या बाजूचे सांगते. एडिसनकर, जानेवारीत जायचे असेल तर आजच सुरुवात करा. राज्याचे लायसन्स आणि रुग्णालयाची मंजुरी मिळून तीन-चार महिने सहज जातात. एका राज्याच्या लायसन्सवर इतर सदस्य राज्यांतही काम करू देणारा पीए कॉम्पॅक्टचा करार २०२४ मध्ये सात राज्यांनी कायदे केल्यावर अस्तित्वात आला खरा, परंतु त्याच्या भरवशावर बसू नका. नियंत्रित औषधे लिहून देण्यासाठीची डीईए नोंदणीही राज्यागणिक लागते. तीन वर्षांचे शुल्क ८८८ डॉलर आहे, ते एजन्सीकडून मागा.

पदवी, एनसीसीपीए या पीएंच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र, एसीएलएस आणि पीएएलएस ही प्रौढांच्या व मुलांच्या जीवरक्षक उपचारांची प्रमाणपत्रे, लसीकरण, क्षयरोग चाचणी, गेल्या दोन वर्षांतील तीन संदर्भ, हे सगळे एका फोल्डरमध्ये ठेवा. लोक हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे केलेल्या प्रक्रियांची यादी. श्वासनलिकेत नळी घालणे, सांधा बसवणे, छातीत नळी घालणे यांतले तुम्ही किती वेळा काय केले, हे सध्याच्या रुग्णालयाकडून नोकरी सोडण्यापूर्वीच लिहून घ्या. नंतर कोणी फोन उचलत नाही. कामाच्या इतिहासातील प्रत्येक खंडाचे कारणही लिहावे लागते, तेव्हा साताऱ्याच्या तारखा नोंदवून ठेवा.

नव्या लायसन्सची वाट पाहायची नसेल तर इंडियन हेल्थ सर्व्हिस (अमेरिकेतील मूलनिवासींची आरोग्यसेवा) किंवा व्हेटरन्स (माजी सैनिकांच्या) रुग्णालयांतील कामे पाहा. ती केंद्र सरकारची असल्याने कोणत्याही एका राज्याचे वैध लायसन्स चालते.

एडिसनकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी एजन्सीला लिहिले. ३६ तासांची हमी आणि घटनेवर आधारित विमा त्यांनी मान्य केला, सूचनेची मुदत मात्र ३० ऐवजी २१ दिवसांवर आली. रात्री पडद्यावर डॉक्टर चोवीस तास असतात, असे तिथल्या नर्सिंग प्रमुखांनी फोनवर स्वतः सांगितले. माझ्या सध्याच्या विभागप्रमुखांनी महिन्याला दोन पाळ्या देण्याची तयारी दाखवली आहे. ते १३ आठवडे संपले की एप्रिलमध्ये साताऱ्याला जाईन. मैलोगणती, तिकडच्या थंडीसाठी आणखी काही सुचवाल का?

मैलोगणती

घर एजन्सीच्याच नावावर असेल तर २१ दिवस चालतील. भाड्याची गाडी घेताना तिच्या पुढच्या जाळीतून विजेची लहानशी पिन बाहेर आलेली आहे का ते बघा. ती इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची असते. रात्रभर ती जोडून ठेवली नाही, तर कडाक्याच्या थंडीत सकाळी सातची पाळी गाठणे अवघड होते. रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये खांबांवर प्लग असतात. लांब वायर मात्र सोबत न्या.