ताण सगळ्यांनाच असतो म्हणे!

निशिगंधा:
काल एकाने लिहिलं, 'नोकरीत ताण सगळ्यांनाच असतो, ट्रान्स लोकांचं काय एवढं वेगळं?' तेव्हापासून डोक्यात जातंय. मी ट्रान्स बाई. साहेबांची बोलणी मीही खातेच. वर हे: मीटिंगमध्ये 'फाईल पाठवते' म्हणताना त्या बायकी 'ते'वर कोण गालात हसतंय ते बघायचं. बाथरूमला जायला लागू नये म्हणून दिवसभर पाणी टाळायचं. अपमान रोज होत नाही हो, पण होईल म्हणून रोज तयारीत राहायचं. संशोधक इलान मायर यांचा 'मायनॉरिटी स्ट्रेस'वरचा, म्हणजे अल्पसंख्य असल्यामुळे येणाऱ्या जास्तीच्या ताणावरचा, २००३चा लेख वाचा जरा.

सरळरेघ:
तो एकजण मीच. लेख वाचलाय. तो समलिंगी आणि उभयलिंगी लोकांवर आहे, ट्रान्सवर नाही. माझी सात वर्षं रात्रपाळीत गेली, बीपीची गोळी लागली. माझ्यासाठी कुणी धागा काढला नाही. आणि मुळात ट्रान्स असणं हा मानसिक आजारच ना? मग खापर ऑफिसवर कशाला?

अर्धविराम:
रात्रपाळीचा धागा काढा, येतो मी. पण आजार? आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, तो मानसिक विकारांच्या प्रकरणात नाहीच; ही यादी २०२२ पासून लागू आहे. आणि मायर यांची मांडणी हेंड्रिक्स आणि टेस्टा यांनी २०१२ मध्ये ट्रान्स लोकांना लावून दाखवली. पुढचं पण वाचत जा.

सर्व्हररूम:
अवांतर, पण नाव बदललं की सगळे आयटीवर घसरतात. ईमेल, हजेरी, पगार, ओळखपत्र, चारही सिस्टिम वेगळ्या. एकीकडे बदललं तरी रात्री दुसरीकडून सिंक होऊन जुनं नाव परत. आम्ही मुद्दाम करतो का?

निशिगंधा:
मुद्दाम नाही, पण अकरा महिने? लग्नानंतर आडनाव बदललेल्या सहकारिणीचं काम आठवड्यात झालं. माझं जुनं नाव प्रत्येक कॉलवर झळकायचं, नवीन माणूस विचारायचा, 'हे कोण?' शेवटी मी कॅमेरा, माईक दोन्ही बंद ठेवायला लागले. अप्रेझलमध्ये शेरा आला, 'सहभाग कमी.'

सर्व्हररूम:
लग्नवालीसाठी फॉर्ममध्ये रकाना असतो. तुमचं तिकीट 'इतर'मध्ये पडलं असणार, आणि 'इतर' कुणी उघडत नाही. हे मात्र खरं.

सरळरेघ:
वा, मनाचे आजार आता फॉर्मने बरे होणार!

ओवी:
एचआरमध्ये आहे, म्हणून सांगते. आम्ही ताणमुक्तीचं सत्र ठेवलं. श्वास घ्या, सोडा. ट्रान्स सहकारी उठून म्हणाला, 'श्वास जमतो मला, ओळखपत्र द्या.' समुपदेशकाकडे पाठवलं, तर तिथे पहिला तास त्यांच्याच कुतूहलाला उत्तरं देण्यात गेला. परत गेला नाही तो.

सरळरेघ:
बरं बाई. 'आजार' मागे घेतला. रात्रपाळीचा धागा आज काढतोय, बघू किती कळवळेवाले येतात.

निशिगंधा:
येते. आणि हो, 'येते'च.