पास रशरचा ‘बेंड’ : लवचिकता की आणखी काही?

मूळ प्रश्न

इथल्या (मिशिगन) मराठी मंडळाच्या अंकासाठी एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) ड्राफ्टवर लिहितोय, म्हणजे संघ कॉलेजातले खेळाडू क्रमाक्रमाने निवडतात त्यावर. विषय एवढाच, की क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्यावर) धावून जाणारी कॉलेजातली पोरं, म्हणजे पास रशर, व्यावसायिक संघ कशी पारखतात. क्वार्टरबॅक, टॅकल (क्वार्टरबॅकला राखणारा), ड्राफ्ट, कम्बाइन (ड्राफ्टआधीच्या चाचण्या) हे शब्द तसेच ठेवलेत. स्काउट (खेळाडू हेरणाऱ्या) मंडळींच्या तोंडचे बेंड, मोटर, बुल रश, रॉ, सॅक मात्र अडलेत. यंत्राकडून भाषांतर करून पाहिलं, तर ‘ड्राफ्ट’चा मसुदा झाला आणि ‘मोटर’ची मोटारगाडी. ‘बेंड’ला ‘लवचिकता’ चालेल का?

प्रतिसाद १

नको. लवचिकता म्हटलं की मल्लखांब डोळ्यांपुढे येतो. बेंड वेगळा. रशर टॅकलच्या बाहेरच्या बाजूने सुटतो आणि टॅकल मागे सरकत त्याला आणखी बाहेर ढकलत राहतो. सरळच धावत राहिला तर गडी क्वार्टरबॅकच्या मागून निघून जाईल. त्याला मध्येच आत वळायचंय, तेही वेग न सोडता आणि दीडशे किलोचा माणूस खांद्यावर रेलत असताना. मग तो अख्खं अंग आतल्या बाजूला झोकतो. खांदा टॅकलच्या हाताखालून जातो, घोटा असा तिरपा होतो की बघणाऱ्याचाच मुरगळावा. उतारावरच्या वळणावर ब्रेक न दाबता सायकल आडवी घालणारं पोर आठवा. मी ‘लवून वळणं’ म्हणेन. ‘त्याला लवून वळता येतं’ हे वाक्य कानाला खटकत नाही.

कम्बाइनमध्ये याच्या जवळ जाणारी चाचणी म्हणजे तीन शंकूंभोवतीची धाव. २०२२ साली तुमच्या मिशिगनच्या एडन हचिन्सनने ती ६.७३ सेकंदांत मारली होती. तरी चर्चा चालली होती त्याच्या हातांची! ३२ इंचांच्या जेमतेम वर, म्हणजे या कामाला आखूड. ज्याचा पंजा समोरच्याच्या छातीवर आधी पोचतो त्याची सरशी, म्हणून हा मापाचा सोस. डेट्रॉइटने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलंच.

प्रतिसाद २

बुल रशला मुसंडी. यावर चर्चा कसली करायची?

प्रतिसाद ३

मोटरला ‘दम’ सुचत होता, पण दम म्हणजे श्वास टिकणं. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला तरी जो शिट्टी होईस्तोवर पाठलाग सोडत नाही, त्याची मोटर चांगली. म्हणून ‘चिवट’. एक गंमत सांगते. स्काउटच्या अहवालात नुसतीच मोटरची स्तुती असेल तर जरा जपून. स्थळ सांगताना ‘मुलगा स्वभावाने अगदी चांगला आहे हो’ म्हणतात ना, तसलं ते.

‘रॉ’ला ‘कच्चा’ करू नका. ‘गणितात कच्चा’ म्हणजे आपल्याकडे नापासच. ‘अजून घडायचाय’ म्हणा, आणि ‘अपसाइड’ला ‘वाव’. त्याच २०२२ मध्ये पहिला क्रमांक गेला जॉर्जियाच्या ट्रॅव्हॉन वॉकरला. कॉलेजच्या तीन हंगामांत मिळून त्याचे सॅक (क्वार्टरबॅकला पाडणं) ९.५, तर हचिन्सनचे आदल्या एकाच हंगामात १४. जॅक्सनव्हिलने पैसे लावले ते वावावर. आणि ‘प्रॉस्पेक्ट’ला आपला ‘होतकरू’ आहेच की. इतका बसणारा शब्द असताना ‘संभाव्य खेळाडू’ कशाला?

प्रतिसाद १ (पुन्हा)

ताई, ‘चिवट’ मान्य. सॅकबद्दल मात्र लिहायलाच हवं. चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला मागे आडवा करणं म्हणजे सॅक. या शब्दाचं श्रेय लॉस एंजेलिस रॅम्सच्या डीकन जोन्सला देतात. त्याने उलगडा दोन प्रकारे केला होता: एकदा शहर उद्ध्वस्त करण्याशी जोडून, एकदा समोरच्यांना गोणीत भरून बडवण्याशी. पहिला अर्थ आपल्या घरचा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली, तिला इंग्रजी इतिहासात ‘सॅक ऑफ सुरत’च म्हणतात. तरी ‘लूट’ लिहू नका, वाचक चेंडू पळवला असं समजेल. सॅकच ठेवा. शिवाय दोघांनी मिळून पाडला तर प्रत्येकी अर्धा धरतात, आणि अर्धी लूट कशी लिहिणार? एनएफएलने वैयक्तिक सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासून धरली, त्यामुळे नाव देणाऱ्या जोन्सच्याच खात्यात अधिकृत सॅक एकही नाही.

मूळ प्रश्नकर्ता

मुसंडी, चिवट, होतकरू घेतले. ‘लवून वळणं’ही घेतलं.

बाबा सांगलीहून आलेत. जन्म तालमीच्या शेजारी गेलेला. त्यांना दोन उदाहरणं सांगितली. व्हर्नन गोल्स्टन, ओहायो स्टेटचा. २००७ मध्ये १४ सॅक, कम्बाइनमध्ये १०२ किलोचा बार ३७ वेळा उचलला, अंग शिल्पासारखं. २००८ मध्ये जेट्स संघाने सहाव्या क्रमांकावर घेतला. तीन हंगामांत सॅक शून्य. दुसरा टेरेल सग्ज. ॲरिझोना स्टेटकडून २००२ च्या एका हंगामात २४ सॅक. मग ४० यार्डांच्या धावेला ४.८ सेकंदांच्या आसपास लागले, नाकं मुरडली गेली आणि तो दहाव्या क्रमांकापर्यंत घसरला. बाल्टिमोरने उचलला. कारकीर्दीत १३९ सॅक.

गोल्स्टनच्या जुन्या चित्रफिती बाबांनी दोनदा पाहिल्या. म्हणाले, “अंग हाय, पण पहिला डाव अडला की पोरगं उभंच ऱ्हातंय. पुढचा डाव कुठाय?” स्काउट ज्याला ‘काउंटर मूव्ह’ म्हणतात तो हाच. मी ‘प्रतिडाव’ लिहिलं होतं. बाबा म्हणाले, प्रतिडाव समोरच्याच्या डावावर असतो, हा तर आपल्याच फसलेल्या डावावरचा. त्यांचा शब्द ‘जोडडाव’. कुणी ऐकलाय?

प्रतिसाद २

ऐकला नाही, पण अर्थ लगेच कळला. घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

घेतो. स्पिन मूव्हला गिरकी. आता शेवटचा, ‘ट्वीनर’. टॅकलशी भिडायला हलका आणि मागे लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला) म्हणून खेळवायला मंद, असा.

प्रतिसाद ३

अधलामधला.